मदत हवी आहे : आजोबांच्या दुनळीचा दस्ता वाकवून घ्यावा का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांची बारा बोअर दुनळी बंदूक आहे, नळ्या शेजारी-शेजारी. परवाना आता माझ्या नावावर आहे. अक्रोडाचा दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग), नाजूक नक्षी, हातात तोल असा की खाली ठेवाविशी वाटत नाही. पण माझं नि तिचं जुळत नाही.

दस्ता फार उतरता आहे. गाल नीट टेकवला तर डोळा खाली जातो. रेंजवर १६ गजांवरून कागदावर बार काढले, छर्‍यांचा मध्य दर वेळी नेमाच्या सुमारे ४ इंच खाली. १६ गजांवर कागदावरचा १ इंच सरकवायला दस्त्याची उंची १/१६ इंच बदलावी लागते, म्हणून ४ इंचांसाठी पाव इंच, म्हणजे गालाखाली सुमारे ६ मिमी चामड्याची पट्टी बांधली. मध्य जागेवर आला, पण पट्टी घामाने सरकते आणि गालाला धक्का बसतो. हलकी काडतुसं वापरून धक्का कमी झाला, नेम तोच. मी उजवा, मुख्य डोळाही उजवा, दोन्ही तपासलंय.

दस्ता कापायचा नाही, बंदूक विकायचीही नाही. मूठीजवळ लाकडाचे रेषे सरळ आहेत, तडा नाही. एका कारागिराने गरम तेलाने दस्ता वाकवून वर घेता येईल असं सुचवलंय. काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच करणार.

कुणी जुन्या अक्रोडाचा दस्ता असा वाकवून घेतलाय का? आपल्याकडच्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर तो वाकवलेल्या मापावर टिकला, की परत मूळ जागी आला?