म्युच्युअल घटस्फोट: दोघांना मिळून एकच वकील चालतो का? पुण्यात वकील कसा शोधू? (मदत हवी आहे)

आजपुरता_आयडी

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये, कारण सासरचे दोघे-तिघे इथे रोज वाचतात. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, एवढंच सांगते.

लग्न २०१५ चं. मुलगी ७ वर्षांची. मागच्या गणपतीत तिला घेऊन कोथरूडला माहेरी आले ती परत गेले नाही. त्याला आता दहा महिने झाले. कारणं लिहीत बसत नाही. मारहाण नव्हती, पण राहण्यासारखंही काही उरलं नव्हतं. दोन्हीकडच्या मोठ्यांच्या चार बैठका झाल्या, त्यातून निघालं काय, तर आईला धुवायला चहाचे कप. वेगळं व्हायचं यावर आता आमच्यात वाद नाही. वाद पुढच्यावर आहे.

नवऱ्याने ओळखीच्या वकिलाकडून म्युच्युअलचा मसुदा करून आणलाय. "वकील दोघांचा तोच, तुला एक पैसा पडणार नाही, दोन तारखांत मोकळे." इंग्रजीत १६ पानं. त्यात लिहिलंय की आम्ही २ वर्षांपासून वेगळे राहतोय. विचारलं तर म्हणे "तसं लिहावंच लागतं". वाकडचा फ्लॅट आणि त्यावरचं कर्ज, दोन्ही दोघांच्या नावावर. माझा हिस्सा मी त्याला सोडायचा असं कलम आहे, कर्जाबद्दल चकार शब्द नाही. २०१९ पासून निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो, आजही. "स्त्रीधन मिळाले" असंही आहे, आणि आईने घातलेल्या पाटल्या-तोडे अजून सासूबाईंच्या लॉकरमध्ये! मुलगी माझ्याकडे, पण तिच्या खर्चाचं काही नाही. का, तर मी कमावते. (कमावते. ४२ हजार हातात येतात, हप्ता आणि शाळेची फी गेली की महिन्याची वीस तारीख मोजत बसते.)

मग मैत्रिणीच्या मैत्रिणीने सुचवलेल्या एका वकिलांकडे गेले. पंधरा मिनिटांत म्हणाले, म्युच्युअल विसरा, आधी ४९८ (सासरच्या छळाची फौजदारी केस) टाकू, मग बघा कसा नरमतो. फी म्हणून मिळेल त्या रकमेच्या १० टक्के, आणि आत्ता २५ हजार रोख. घाबरून १० हजार देऊन आले. पावती मागितली तर "विश्वास नाही का?" वकीलपत्रावर सही केलेली नाही, तेवढं नशीब.

खोटी केस करायची नाही आणि खोट्या कागदावर सहीही करायची नाही. मधला रस्ता असेल ना काहीतरी?

पेठेतला_पाहुणा

सही करू नका. बाकी जाणकार सांगतीलच, पण हे पहिलं.

काळा_कोट_सुती

मी वकील आहे, पण दिवाणी दावे बघतो, कौटुंबिक नाही. त्यामुळे हे प्राथमिक माहिती म्हणून घ्या.

एकच वकील कायद्याने चालतो. संयुक्त अर्ज असे बरेचदा दाखल होतात. पण सगळं आधीच ठरलेलं असेल तेव्हा. तुमचं काहीच ठरलेलं नाही आणि वकील त्यांनी आणलाय. त्याच्याकडून तुमची बाजू राखली जाईल ही अपेक्षा धरू नका.

आता ते "२ वर्षं". हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करायला किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यानंतर ६ महिने थांबून दुसरी तारीख. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं की हे ६ महिने माफ होऊ शकतात, पण त्यासाठी अर्जाच्या आधीच दीड वर्ष उलटलेलं असलं पाहिजे आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे मिटलेलं असलं पाहिजे. म्हणजे २ वर्षं का लिहिलीत ते आलं लक्षात? फॉर्मॅलिटी नाही ती, घाई आहे. आणि हे प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं असतं, खाली सही तुमचीही असणार.

फ्लॅटचा हिस्सा आणि कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी. घटस्फोट झाला म्हणून बँक सहकर्जदाराचं नाव काढत नाही. एकट्याच्या पगारावर कर्ज बसतंय का ते बघते, मग ठरवते. हिस्सा सोडलात आणि कर्जात नाव राहिलं, तर उद्या त्याने हप्ता चुकवल्यावर बँक तुमच्या दारात येणार, सिबिलही (कर्जफेडीचा स्कोअर) तुमचा बिघडणार. बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय हक्कसोडपत्र नाही.

स्त्रीधन तुमचंच. लॉकर कोणाच्या नावावर आहे याने मालकी बदलत नाही, हे प्रतिभा राणी खटल्यापासून (१९८५) पक्कं आहे. मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क, आईच्या पगाराने बापाची जबाबदारी संपत नाही.

आणि ते १० टक्के! निकालातल्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. तिथे परत जाऊ नका. ४९८-अ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) छळ झालेल्या बाईसाठी आहे, घासाघीस करायला नाही.

मुळशीची_मावशी

अगं, मी यातून गेले आहे, २०२१-२२ मध्ये. वकील "शोधायच्या" आधी शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, आणि उत्पन्नाची अट नाही! मला वाटायचं ते फक्त अगदी गरिबांसाठी असतं. नोकरी असली तरी चालतं. जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) मेट्रोला उतरलीस की चालत. आधी फोनवर विचारायचं तर त्यांची हेल्पलाइन १५१००.

मोफतचा वकील म्हणजे कसला, असं माझ्या भावाने नाक मुरडलं होतं. मला मिळालेल्या बाई शांत होत्या, फोन कमी उचलायच्या, पण तारखेला हजर. नाही पटलं तर बदलून मागता येतो, तसा अर्ज कर. आणि "कौटुंबिक न्यायालयात काम करणारे द्या" असं आधीच सांग.

घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात बायकांना कोर्ट फी माफ आहे महाराष्ट्रात, १९९४ पासून. कोणी फीच्या नावाखाली पैसे मागितले तर विचार कसले म्हणून.

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांच्यापुढे बसवतात. मला आधी वैताग आला होता, पुन्हा तेच संसार टिकवा म्हणून. पण मुलाला भेटण्याचे वार आणि सुट्ट्या तिथेच ठरल्या, वकिलांशिवाय. हे नीट लिहून घे. "सोयीनुसार भेट" असं मोघम लिहिलं की दर शनिवारी भांडण.

ताक_आणि_भाकरी

मोफत वकील फक्त बायकांना? पुरुषांनी काय करायचं? धागा एकतर्फी चाललाय.

काळा_कोट_सुती

वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर पुरुषालाही मिळतो. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता. हवा असल्यास वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

आजपुरता_आयडी

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, बघ, कोर्टातही माणसंच असतात.

नवऱ्याला मेसेज केला की गणपतीपर्यंत वर्ष पूर्ण होऊ दे, तोवर बँकेचं पत्र आण, आणि पाटल्या-तोडे. उत्तर आलं, "कोणी शिकवलं तुला?" त्यावर काही लिहिलं नाही. सोमवारी अर्धी रजा टाकली आहे, शिवाजीनगरला जाते. कर्जाचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, फीच्या पावत्या काढून ठेवल्यात. दागिन्यांच्या पावत्या सापडत नाहीत, लग्नाच्या अल्बममध्ये मात्र पाटल्या आणि तोडे हातात स्पष्ट दिसतात. तो अल्बम नेऊ का? आणि मसुदा त्याने फक्त वाचायला दिला होता, मी मोबाईलवर फोटो काढून घेतलेत. तेवढे चालतील?

काळा_कोट_सुती

अल्बम न्या. फोटोंच्या प्रिंट काढा, १६ पानं क्रमाने लावा. मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका.

मुळशीची_मावशी

आणि डबा ने बरोबर. तिथे वेळ लागतो.