केकताडाचा वाख काळा पडला, बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) आधी कासरा वळायचाय

माणदेशी_गडी:
नमस्कार मंडळी, आमच्या बांधाला केकताड आहे, तुमच्याकडं घायपात म्हणत असतील, आजोबा त्याचा वाख म्हणजे धागा काढून कासरे, दावी सगळं घरीच वळायचे. यंदा म्हटलं नायलॉनचा कासरा नको, आपण करून बघू. पंचवीसेक पाती तोडली, अख्खीच पाण्याच्या ड्रममध्ये बुडवली आणि तीन आठवडे ठेवली. आता ड्रमचं झाकण काढलं की अख्खी गल्ली नाक धरते, वाख काळपट निघालाय, ओढला की तटकन तुटतोय. वर कोपरापर्यंत हात खाजून लाल झालेत. काय चुकलं?

बांधकरी:
दादा तुम्ही अंबाडीची रीत केकताडाला लावलीत. अंबाडी आणि ताग यांचा धागा खोडाच्या सालीत असतो, ती साल चिकट पेक्टिननं लाकडाला धरून बसते, म्हणून पेंढ्या पाण्यात कुजवायच्या, जिवाणू ते पेक्टिन खातात आणि साल सुटते. केकताडाचा धागा पानाच्या गरात आहे, तिथं कुजवायची गरजच नाही, गर खरवडला की काम झालं. आणि ड्रममधलं पाणी बदललं नाही ना? पेक्टिन संपल्यावर जिवाणू धाग्यालाच लागतात, म्हणून तुटतोय.

गावाकडची_सुमन:
माफ करा बांधकरी, पण आमच्याकडं ओढ्यात घालायचेच की! लहानपणी बघितलंय मी.

बांधकरी:
बरोबर आहे ताई, पण आधी मोगरीनं ठेचून, आणि तेही वाहत्या पाण्यात थोडे दिवस. अख्खं पान नाही. मासे असतील तिथं घालू नका मात्र, त्या रसातलं सॅपोनिन, म्हणजे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य, माशांना मारतं. हाताला खाज सुटली ती त्यानं आणि रसातल्या सुईसारख्या बारीक खड्यांनी.
आता रीत सांगतो. खालची जून पाती घ्या, मधला कोंब राहू द्या. टोकाचा काटा आधी छाटा, डोळ्यात गेला तर बेंदूर दवाखान्यात. फळी झाडाला तिरकी टेकवा, त्यावर पान ठेवून ठेचा आणि बोथट पट्टीनं वरून खाली ओढा, धार लावलेली नको, धागे कापतील. हिरवा लगदा खाली पडतो आणि पांढरे धागे हातात राहतात, मग पान उलटून धरलेलं टोक तसंच. तोडलेल्या दिवशीच करा, पान सुकलं की गर धाग्याला चिकटतो. लगेच धुवून दोरीवर वाळत घाला. आणि अपेक्षा कमी ठेवा, १०० किलो पानांत ३-४ किलो वाख निघतो.

तळकोकणी:
आमच्याकडं नारळाच्या सोडणांचा काथ्या उलट महिनोनमहिने खाऱ्या पाण्यात पडून असतो तरी धागा कुजत नाही, त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारं द्रव्य, भरपूर असतं. तुम्ही तीन आठवड्यांत हरलात राव :) काथ्या गुरांच्या मानेला नको मात्र, टोचतो.

माणदेशी_गडी:
काल हातमोजे घालून चार पाती काढली. बांधकरी, एकदम पांढरा वाख! मांडीवर वळायला बसलो, दोरी छान झाली, हात सोडला की सगळा पीळ उलगडला.

गावाकडची_सुमन:
तीन पदर वेगवेगळे उजवीकडं पिळायचे आणि एकत्र आणताना डावीकडं. उलट पीळ बसला की पदर एकमेकांना धरून ठेवतात. वाख ओलसर करून वळा, आणि पदरात नवा वाख जोडताना तिन्ही जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका, बैल पहिल्या हिसड्याला तिथंच तोडेल.

माणदेशी_गडी:
हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुन्हा बसतो संध्याकाळी. ड्रममधलं ते पाणी कुठं ओतू पण, घरातले आता बोलायचे राहिलेत फक्त.

बांधकरी:
शेतात, गावापासून लांब. आणि वाऱ्याची दिशा बघून.