मागणीचा खरा जोर हवेच्या गळतीमुळे

ध्वनी-कॅमेऱ्यांची, म्हणजे आवाज कुठून येतोय ते पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणांची, मागणी गाड्यांच्या आवाज-चाचणीमुळे वाढतेय, असं एक मत आहे. ते आहेच, पण माझ्या मते खरा जोर कारखान्यांतल्या कॉम्प्रेस्ड एअरच्या (दाबाखालच्या हवेच्या) गळतीमुळे आलाय. बारीक छिद्रातून निसटणाऱ्या हवेचा अल्ट्रासोनिक आवाज कानाला कळत नाही, वीजबिल मात्र चढत राहतं. फ्लिर कंपनीच्या एसआय१२४ या ध्वनी-कॅमेऱ्यात १२४ मायक्रोफोन आहेत. आवाज प्रत्येकापर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचतो आणि त्या फरकावरून गळतीची जागा पडद्यावर रंगीत ठिपक्याने दिसते, तीही यंत्रं चालू असताना! मोबाइलमुळे एमईएमएस (चिपवर बनवलेले अगदी छोटे) मायक्रोफोन स्वस्त झाले, त्याचा इथे मोठा हातभार. उच्चदाबाच्या उपकेंद्रातला पार्शल डिस्चार्जही (इन्सुलेशनमधल्या दोषामुळे होणारं बारीक विद्युत-विसर्जन) लांबूनच सापडतो. घेताना फ्रिक्वेन्सी रेंज नक्की बघा. खालच्या, घुमणाऱ्या आवाजांना हातात मावणारा मायक्रोफोनांचा अ‍ॅरे पुरत नाही.