आजोबांच्या पेटीतील बांबूची नक्षीदार फणी : ओळख आणि जतन

प्रश्न : सोलापूरची लेक

नमस्कार. सोलापुरातील आमचे जुने घर आवरताना आजोबांच्या लोखंडी पेटीत बांबूची एक फणी मिळाली. ती तळहाताएवढी असून तिला एकाच बाजूला दाते आहेत. प्रत्येक दाता वेगळा तासून दोन आडव्या कामट्यांमध्ये दोऱ्याने घट्ट आवळून बसवलेला आहे. कामट्यांवर त्रिकोणांच्या रांगा कोरलेल्या आहेत, त्यांच्या रेघा काळ्या आहेत, आणि कडेचा एक त्रिकोण अर्धाच राहिलेला दिसतो. सोबतच्या चिठ्ठीवर ‘चांदा, १९५८’ एवढेच लिहिले आहे. आजोबा बांबूच्या व्यापारानिमित्त तिकडे जात असत.

आईच्या मते ही देवीच्या ओटीतल्या फणी-करंड्याची फणी आहे, तेव्हा नवरात्रात तुळजापूरला नेऊन ती देवीला वाहावी. काकांना ती तेल लावून, चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायची आहे. यांपैकी काहीही करण्यापूर्वी ती कोणाची आणि कशासाठी केलेली असावी, हे मला समजून घ्यायचे आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : झाडीपट्टी

ताई, सर्वांत आधी ती चिठ्ठी सांभाळा, कारण या वस्तूचा खरा पुरावा नक्षीपेक्षा त्या दोन शब्दांत आहे. चांदा म्हणजे चंद्रपूर, हे आपणांस ठाऊक असेलच. परंतु आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झाला, त्यामुळे १९५८ मधील ‘चांदा’ या शब्दात भामरागड, एटापल्ली, अहेरी हा सगळा माडिया गोंडांचा मुलूखही येतो. भामरागडच्या पलीकडे छत्तीसगडमधील बस्तरचा अबूझमाड हा डोंगराळ जंगलपट्टा सुरू होतो.

बस्तरच्या मुरिया गोंड समाजात फणीला जे स्थान होते, ते आपल्याकडच्या सौभाग्यवाणातील फणीपेक्षा फार वेगळे होते. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी मुरिया आणि त्यांचे घोटुल, म्हणजे तरुण-तरुणींचे युवागृह, यांवरील १९४७ च्या ग्रंथात त्याची सविस्तर नोंद केली आहे. घोटुलमधील तरुण, म्हणजे चेलिक, स्वतःच्या हाताने फण्या घडवून मोटियारींना, म्हणजे तरुणींना, भेट देत आणि त्या तरुणी त्या केसांत खोचून मिरवत. फणी हे केस विंचरण्याचे साधन होतेच, पण तिच्यावर घेतलेली मेहनत ही देणाऱ्याच्या मनातील ओढीची खूण होती. ओडिशातील जुआंग तरुणांच्या कोरीव फण्यांनाही असाच मान होता.

तरीही केवळ त्रिकोण पाहून ही फणी अमुक समाजाची असे ठरवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मलाया द्वीपकल्पातील सेमांग या आदिवासी समाजाच्या स्त्रियाही नक्षीदार बांबूच्या फण्या केसांत घालत. प्रत्येक नक्षी एका ठरावीक रोगापासून रक्षण करते, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हॉन स्टीव्हन्स या संग्राहकाने लिहिले, आणि पुढच्या संशोधकांनी त्या अर्थावर गंभीर शंका घेतल्या. वस्तू बोलत नाही, म्हणून आपण तिच्या तोंडी काहीही घालावे, हे योग्य नाही. आजोबा कोणत्या गावांत उतरत आणि कोणाकडून बांबू घेत, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे.

उत्तर २ : साखर पेठ

आमच्या घरी हातमाग होता, म्हणून बांधणीविषयी थोडे लिहितो. बांबूची फणी दोन रीतींनी होते : एकाच पट्टीत दाते चिरून, किंवा सुटे दाते तासून बांधून. आपली दुसऱ्या रीतीची आहे. मागावर ताण्याचे धागे वेगळे ठेवणारी जी फणी असते, तिच्या जुन्या प्रकारातही बांबूच्या बारीक पट्ट्या अशाच दोन बाजूंच्या कामट्यांमध्ये धरून दोऱ्याने बांधलेल्या असत, आणि दोन पट्ट्यांमधले अंतर त्या दोऱ्याच्या जाडीवरच ठरे. आपण दात्यांच्या मुळाशी भिंगाने पाहावे : दोरा प्रत्येक दात्यानंतर सारख्याच ताणाने फिरलेला असेल, तर करणाऱ्याचा हात सरावलेला होता असे समजावे.

काळ्या रेघाही तपासाव्यात. तापलेल्या लोखंडाने डागलेली रेघ कडेला तपकिरी पडते. चाकूच्या टोकाने ओरखडून काजळी चोळलेली असेल, तर कड स्वच्छ राहते आणि काळेपणा खाचेतच असतो. नक्षी बांबूच्या बाहेरच्या कठीण सालीवर असेल, तर ती पुष्कळ टिकते. आतला गर मऊ असतो.

उत्तर ३ : जतन-संवर्धन

काकांना कृपया तेल लावू देऊ नका. रेघांत काजळी असल्यास ती तेलाने पसरेल, तेलावर धूळ बसेल, आणि दोरा चिकट होऊन कुजेल. पाणी व वार्निश हेही टाळावे. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकणे एवढेच पुरे.

बांबूतील पिष्टावर (स्टार्चवर) भुंगेरे वाढतात. फणीखाली पिठासारखी भुकटी पडत असेल, तर ती आत जिवंत कीड असल्याची खूण असू शकते. अशा वेळी फणी सुती कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये. डांबरगोळ्या वस्तूला लागून ठेवू नयेत.

आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते, तेव्हा बांबू आकसून चिरतो व दोरा सैल पडतो; म्हणून पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवरील चौकट अजिबात नको. आम्लमुक्त कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, आतल्या खोलीतील कपाटात ठेवावी. चिठ्ठी त्याच खोक्यात, पण वेगळ्या पाकिटात असावी.

सोलापूरची लेक

आपणां सर्वांची मनापासून आभारी आहे. भिंगातून पाहिले, रेघांची कड स्वच्छ आहे आणि काळेपणा खाचेतच आहे, त्यामुळे तेलाचा विचार काकांनी सोडला आहे. भुकटी कोठेही नाही. देवीला आम्ही बाजारातील फणी-करंडा वाहू, हे आईलाही पटले. आजोबांच्या थोरल्या बहिणीला गावांची नावे आठवतात, असे कळले आहे. ती लिहून घेऊन, फणीशेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढीन आणि पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात दाखवीन.