ग्रामपंचायतीच्या ऑडिटमधले आक्षेप ग्रामसभेत कसे घ्यायला लावायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या ग्रामपंचायतीचा लेखापरीक्षण अहवाल माहितीच्या अधिकारात मिळाला आहे, स्थानिक निधी लेखापरीक्षेचा. वाचल्यापासून अस्वस्थ आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून नळपाणी योजनेच्या दुरुस्तीवर खर्च दाखवलाय, पण प्रमाणकं (खर्चाची बिलं-पावत्या) सादर नाहीत. पाइप, व्हॉल्व्ह, मोटार घेतली, साठा नोंदवहीत नोंद नाही. गटाराचं बिल अदा झालं, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) तपासणीला दिलेली नाही. पाणीपट्टीची वसुली बँकेत न भरता हातशिल्लक ठेवली. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की यातले बरेचसे आक्षेप मागच्या अहवालातही आहेत आणि पुढे शेरा तोच: 'अनुपालन प्रलंबित', म्हणजे आक्षेपांची पूर्तता अजून बाकीच.

कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. मोटार बसलेली मी स्वतः पाहिली आहे. पण ती केवढ्याला आली, कुणाकडून आली, हे सांगणारा कागदच नसेल तर गावाने कशावर विश्वास ठेवायचा? उन्हाळ्यात आमच्या आळीला दिवसाआड पाणी येतं, त्याच योजनेचे हे पैसे आहेत.

ग्रामसेवक म्हणतात, "असे पॅरे (आक्षेप) सगळीकडेच निघतात, पूर्तता देऊ." पंचायत समितीत अर्ज देऊन पोच घेतली. विस्तार अधिकारी येतील असं तोंडी सांगितलं, कुणी आलं नाही.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे शेवटचं लेखापरीक्षण टिपण आणि त्याला दिलेली उत्तरं ठेवायची असतात. आमच्याकडे हा विषय पत्रिकेवर कधीच नसतो. 'ऐनवेळच्या विषयात घेऊ' म्हणतात आणि तिथवर पोचेपर्यंत सभा उठते. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 मध्ये जनसुनावणी घेऊन सरकारी कामांचे कागद लोकांसमोर वाचले होते, तेही माहिती अधिकाराचा कायदा यायच्या कितीतरी आधी. आपल्याकडे 2005 पासून कायदा आहे, तर एवढं आपल्याही गावात व्हायला हवं असं मनापासून वाटतं.

सरपंच भावकीतलेच आहेत, घरचे 'वैर नको' म्हणतात. भांडण न होता उत्तरं कशी मिळवायची?

प्रतिसाद

ताई, मी लेखापरीक्षेतूनच निवृत्त झालोय. लेखापरीक्षक आक्षेप नोंदवतो. पूर्तता करायची ग्रामपंचायतीने, आणि ती करून घ्यायची वरच्या कार्यालयांनी. म्हणून 'भ्रष्टाचार' हा शब्द अर्जात नको. परिच्छेद क्रमांक टाकून एवढंच मागा: अनुपालन अहवालाची प्रत, तो पाठवल्याचं जावक पत्र आणि त्यावर गटविकास अधिकाऱ्यांचा शेरा. पूर्तता पाठवलीच नसेल तर तसं लेखी उत्तर येईल, आणि तेच तुमच्या कामाचं आहे.

मोजमाप पुस्तिका बहुतेक वेळा ग्रामपंचायतीत नसतेच, ती शाखा अभियंत्याकडे सापडते. तिच्यासाठी पंचायत समितीत वेगळा अर्ज करा. माहिती अधिकारात प्रत्यक्ष कामाची पाहणीही मागता येते, ती जरूर मागा. गटाराची लांबी टेपने मोजली की अर्धी शंका तिथेच मिटते. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

ग्रामसभेसाठी नोटीस निघण्याच्या आधी पत्र द्या, एकटीच्या सहीने नको. आळीतल्या बायकांच्या सह्या घ्या, पाण्याचा विषय आहे, त्या देतील. पत्रात कलम 8 चा उल्लेख करा, पोच घ्या.

धागालेखिका

काका, खूप आभार. सह्यांचं आजच बोलते. एक शंका राहिली. आमची सभा बरेचदा गणपूर्तीअभावी (लागते तेवढी माणसं न आल्याने) तहकूब होते, मग पुढच्या सभेला दहा-पंधरा माणसं. तिथे हा विषय काढता येईल का?

प्रतिसाद

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण ती जुन्याच विषयपत्रिकेवर चालते, नवा विषय घेत नाहीत. म्हणून विषय मूळ नोटिशीतच क्रमांकासह यायला हवा. नोटीस लागली की फलकाचा फोटो काढून ठेवा, आणि सभेनंतर इतिवृत्ताची नक्कल मागा.