कमरेवरच्या जुन्या जखमेला हळद-कोरफड लावत राहिलं तर कॅन्सर टळतो का?

वणीची_लेक

नमस्कार. माझी आई ६६ वर्षांची. लग्नापासून नऊवारी लुगडंच नेसते, आत परकर नाही, कमरेला गाठ करकचून आवळलेली. वेचणीच्या दिवसांत त्याच कमरेवर कापसाची ओटी. तिथली कातडी कित्येक वर्षांपासून काळी पडून जाड झाली आहे, मधेमधे कोंडा सुटतो, खाज येते. त्याकडे आम्ही कोणी लक्ष दिलं नाही, कारण गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्या बायांच्या कमरेला तसा पट्टा असतो.

गेल्या दिवाळीत उजव्या बाजूला ती कातडी फुटली. तेव्हापासून आठ महिने जखम आहे. आई सकाळी कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुते, कोरफडीचा गर लावते, रात्री ओली हळद उगाळून जाड लेप देते. वर खपली धरते, चार दिवसांनी लुगड्याला चिकटून निघते, थोडं रक्त येतं. शेजारच्या काकू म्हणतात बिब्बा घाल, मुळासकट जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय की हळदीतलं कर्क्युमिन त्वचेचा कॅन्सर होऊच देत नाही. आईने तो नातवाकडून दोनदा वाचून घेतला, आणि आता दवाखान्याचं नाव काढू देत नाही. यात तथ्य किती? अजून महिनाभर थांबून बघू का?

ड्रेसिंगवाली_मावशी

ताई, थांबू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण या आठवड्यात आईला त्वचारोगतज्ज्ञ नाहीतर सर्जनकडे घेऊन जा. आठ महिने न भरलेली, रक्त येणारी जखम, तीही वर्षानुवर्षं काचलेल्या जागेवर. अशा जखमेचा तुकडा काढून तपासायलाच हवा.

मी ग्रामीण रुग्णालयात ३१ वर्षं परिचारिका होते. तुमच्या आईचा पट्टा मला न बघता दिसतो. आमच्या चुलत सासूबाईंना अगदी तस्साच होता. त्यांनाही हळद चालायची, आणि ती पट्टी रोज संध्याकाळी मीच बांधायचे. घरात नर्स आहे म्हणून सगळे निर्धास्त. दीड वर्ष बांधली. शेवटी वास यायला लागला तेव्हा नेलं, तर जांघेत सुपारीएवढी गाठ लागली. ऑपरेशन झालं, मांडीची कातडी काढून कमरेला लावली, जांघेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. पुढे पाय सुजायचा. सहा महिने लवकर नेलं असतं तर एवढी चिरफाड लागली नसती, हे मी स्वतःशी किती वेळा बोलले असेन.

हे दुखणं नवं नाही. टाटा मेमोरियलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या आवळण्यामुळे होणाऱ्या कमरेच्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. पुढे साडी-परकराच्या नाडीचे रुग्ण नोंदले गेले. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांबद्दल लिहिलं. त्यातली एक साठीतली, चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं नेसलेली. तुमच्या आईचंच वर्णन वाटेल. नाडी रोज त्याच जागी घासते, घाम आणि धूळ साचते, कातडी फुटते, भरते, पुन्हा फुटते. ही दुरुस्ती वर्षानुवर्षं चालू राहिली की कधीतरी पेशींचं वाढणं ताब्याबाहेर जातं. उन्हाचा संबंध नसतानाही होतो तो असा.

आता हळद. हळदीचा अपमान करायचा नाही मला. जखमेवर हळद हे आपलं जुनं ज्ञान आहे. त्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पण ती लढाई जखम भरण्याबद्दल होती, कॅन्सरबद्दल नव्हती. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यातल्या कॅन्सरपेशींवर कर्क्युमिन ओतलं तर त्या मरतात, हे खरं. पण हळदीत कर्क्युमिन असतं शंभर भागांत दोन ते पाच. ते पाण्यात विरघळत नाही, आणि पोटात घेतलं तर आतडं आणि यकृत त्याचं रूप भराभर बदलून टाकतात. लेप लावून माणसाच्या त्वचेचा कॅन्सर टळला, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

आणि एक नुकसान आहे, ते मी डोळ्यांनी बघितलंय. हळदीचा थर बसला की जखमेची कड दिसत नाही. साध्या जखमेची कड सपाट, गुलाबी, आत सरकत येणारी असते. बिघडलेल्या जखमेची कड उचललेली असते, बोटाला टणक लागते, भाकरीची कड तव्यावर वळून वर येते तशी. पिवळ्या लेपाखाली हे सगळं झाकलं जातं आणि घरच्यांना वाटतं, सुकतेय.

बिब्बा मात्र हात जोडून सांगते, घालू नका. त्याचं तेल कातडी जाळतं. बिब्बा उतला की चांगली कातडीही फोडांनी भरते, आणि मग तुकडा कुठून घ्यायचा हे डॉक्टरलाही कळेनासं होतं.

ब्रिस्बेनकर

मावशींच्या लेखनाला जोडून. मी सतरा वर्षं ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये आहे. इथे उन्हामुळे त्वचेचा कॅन्सर घरोघरी. परसात एक तण उगवतं, आपल्या शेराच्या आणि दुधी नावाच्या तणाच्या कुळातलं. त्याचा पांढरा चीक लोक पिढ्यान्‌पिढ्या चामखिळीवर, उन्हाच्या डागांवर लावत आले. शास्त्रज्ञांनी त्या चिकातला घटक वेगळा काढला, त्याचं जेल झालं, २०१२ मध्ये अमेरिकेत कॅन्सरपूर्व डागांसाठी मान्यताही मिळाली. तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांना काय आनंद झाला होता! पण नंतर तीन वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवलं, तर तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या मलमापेक्षा या जेलच्या जागी जास्त कॅन्सर दिसले. २०२० मध्ये युरोपच्या बाजारातून ते गेलं.

वनस्पतीत दम नसतो असं मी म्हणत नाही. रक्ताच्या कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टिन आपल्या सदाफुलीतूनच येतं. पण ते मोजून, शिरेतून देतात. अंगणातली सदाफुली चावून ते होत नाही.

उन्हापासूनच्या कॅन्सरसाठी इथेच नांबोर गावात १६०० लोकांवर १९९२ पासून साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस प्रकारचा (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी. तुमच्या आईच्या बाबतीत शत्रू ऊन नाही, गाठ आहे. म्हणून तिथे टाळायचं ते गाठीचं आवळणं.

वैद्य_नाशिक

मी आयुर्वेदाची पदवी घेऊन बावीस वर्षं चिकित्सा करतो. दुष्ट व्रण (न भरणारी, बिघडलेली जखम) आणि अर्बुद (गाठ) यांत नुसत्या लेपावर विसंबायचं नसतं, सुश्रुताने छेदन, म्हणजे कापून काढणंही सांगितलं आहे. कोरफड साध्या भाजण्यावर मी देतो. अशा जखमेवर देणार नाही. कोणी पुडीतलं ‘कॅन्सरचं भस्म’ पाठवलं तर आईला देऊ नका. हरताळ किंवा मनःशिळा ही खनिजं असलेलं औषध वर्षानुवर्षं पोटात गेलं तर त्यातल्या आर्सेनिकमुळे तळहात-तळपायांवर कठीण खडे येतात आणि त्वचेचाच कॅन्सर होऊ शकतो. कोडावर देतात ती बावचीही सांभाळून. लावून उन्हात गेलं की कातडी भाजते.

वणीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचा मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवला. चुलत सासूबाईंच्या पायाच्या सुजेपाशी ती गप्प झाली. मग म्हणाली, “उद्या चाल.”

काल जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. डॉक्टरांनी सलाइनचे बोळे लावून हळद काढायलाच दहा मिनिटं घेतली. खालून खरंच वर वळलेली कड निघाली, एका बाजूला. मी आठ महिने तिला सुकताना बघत होते. जांघेत गाठ लागत नाही म्हणाले. जागा बधिर करून कडेचा तुकडा घेतला, आईला सुई टोचली तेवढंच कळलं. रिपोर्ट आठ दिवसांनी. तोवर लुगडं बंद. वहिनीने रुंद इलॅस्टिकचा सैल परकर शिवून दिलाय, घरात गाऊन. गाऊन घालून ओसरीवर बसायला आईला लाज वाटते, म्हणून वहिनीही गाऊन घालून शेजारी बसते.

ड्रेसिंगवाली_मावशी

वहिनीला माझा नमस्कार सांगा. रिपोर्ट आला की कागदासोबत स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. पुढे नागपूर-मुंबईला जावं लागलं तर तेच पुन्हा तपासतात, सहसा दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागत नाही. आणि घरातल्या बाकीच्या बायांच्या कमरा एकदा दिवसाउजेडी बघा, तुमचीसुद्धा.