एकच फोन, ऑनलाइन थिअरी आणि एनपीटेल: तारखा कशा सांभाळायच्या?

प्रश्न: कोयनाकाठ (पाटण)
बी.एस्सी. दुसरं वर्ष. थिअरी ऑनलाइन, प्रॅक्टिकलला आठवड्यातून दोन दिवस एसटीनं कराड. शिवाय एनपीटेलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स. सूचना थोड्या व्हॉट्सअ‍ॅपवर, थोड्या गूगल क्लासरूमवर, थोड्या मेलवर येतात आणि असाइनमेंटच्या तारखा हुकतात. लॅपटॉप नाही, रेंज जेमतेम. सगळं एका जागी कसं ठेवू?

मिरजकर
आधी तारखांचं बघा, नोट्सचं नंतर. क्लासरूममध्ये सरांनी मुदत घातली असेल तर ती कॉलेजच्या खात्याच्या गूगल कॅलेंडरमध्ये आपोआप येते. ग्रुपवर नुसतं 'शुक्रवारपर्यंत द्या' लिहिलं तर येत नाही, आणि चुकतात त्या बहुधा ह्याच तारखा. मेसेज वाचला की तिथल्या तिथं कॅलेंडरमध्ये टाका आणि दोन आठवणी लावा: दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी. फक्त मुदतीच्या वेळी वाजणारी आठवण काही कामाची नाही.

दुसरं, क्लासरूममध्ये फाइल जोडली म्हणजे ती दिली असं होत नाही. 'टर्न इन' दाबल्याशिवाय ती तुमच्याकडेच राहते. दिलेली फाइल दुरुस्तीला परत घेतली आणि मुदतीनंतर पुन्हा दिली, तर 'उशिरा' असा शेरा पडतो. म्हणून मुदत टळल्यावर ती परत घेऊच नका.

हातानं लिहिलेल्या पानांचे सुटे फोटो पाठवू नका, त्यांचा क्रम बिघडतो. गूगल ड्राइव्ह अ‍ॅपमधल्या स्कॅननं सगळ्या पानांची एकच पीडीएफ करा. खिडकीचा उजेड बाजूनं घ्या. डोक्यावरच्या बल्बखाली फोनची सावली नेमकी अक्षरांवर पडते. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी विषय. दिवस आधी लिहिला तर २ सप्टेंबरची फाइल १४ ऑगस्टच्या वर जाऊन बसते.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नोट्स आल्या त्याच दिवशी ड्राइव्हमध्ये त्या त्या विषयाच्या फोल्डरमध्ये हलवा. वेळेत डाउनलोड न केलेली फाइल पुढं उघडतच नाही.

वाळव्याची प्राध्यापिका
एनपीटेलचं गणित नीट समजून घे. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, तिला २५ गुण, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात. दोन्ही अटी वेगवेगळ्या आहेत. बेरीज ४० झाली की पुरे, असा मुलांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

म्हणजे चार असाइनमेंट सुटल्या तरी चालतं. पण ती सवलत सुरुवातीलाच उधळू नकोस. जुलैत सुरू झालेल्या कोर्सच्या मध्येच गणपती येतात, जर्नल पुरं करायचे आठवडे येतात. तेव्हासाठी ती राखून ठेव. उत्तरं मुदतीआधी कितीही वेळा बदलता येतात, शेवटचं धरतात. तेव्हा व्हिडिओ पाहून झाले की अर्धवट का होईना, एकदा सबमिट करून टाक.

आणि कोर्सला नाव घालणं फुकट असलं तरी परीक्षेची नोंदणी वेगळी असते, शुल्क भरून, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ती शेवटची तारीख आजच कॅलेंडरमध्ये घाल.

कराड स्टँड
रेंजचं: पीडीएफ आदल्या रात्री तयार ठेव आणि कराडला उतरल्यावर प्रॅक्टिकलआधी अपलोड कर. पुढच्या आठवड्याच्या नोट्सही तिथंच ड्राइव्हमध्ये 'ऑफलाइन उपलब्ध' करून घे. घरी रेंज तुटायला लागली की गूगल मीटवर फक्त आवाज ठेव. गूगलची फुकट १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. फोटोंचा बॅकअप बंद कर, नाहीतर जागा भरून मेल यायचीच थांबते.

कोयनाकाठ
सरांची लिंक उघडली की परवानगी मागते. ते का?

मिरजकर
फोनवर दोन खाती असणार आणि लिंक घरच्या जीमेलमध्ये उघडतेय. 'परवानगी मागा' दाबू नका. वर कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबून कॉलेजचं खातं निवडा आणि लिंक पुन्हा उघडा. तरीही नाही उघडली तर सरांनीच ती वर्गाला खुली केलेली नसते. मग मात्र त्यांना कळवा.